ट्रायलवाल्या काकांचा उजवा पाय

एका वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं काढली की माणसाचं खरं नाव मागे पडतं. यांना सगळे ‘पायवाले काका’ म्हणत. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी काका एक फेरी मारून आणत. फाटकातून बाहेर, पुलाचा चढ, पलीकडचा उतार, गोल चौक, तीन गतिरोधक आणि परत. उतरून कार्डावर ‘ठीक’ लिहिलं की गाडी ठीक. एकदा कॉम्प्युटरने पास केलेल्या गाडीबद्दल काका म्हणाले होते, "हिचा डावा ब्रेक केसभर आधी लागतोय." चाक उघडलं तर तसंच निघालं. तेव्हापासून फोरमन नव्या माणसांना सांगायचा, की बाकीच्यांना डोकं आहे, काकांना पाय आहे. काका वरवर चिडायचे आणि आतून फुलून जायचे.

तोच पाय गेलं वर्षभर हळूहळू मुका होत चालला होता. आधी बोटांना मुंग्या यायच्या. मग कायम जाड मोजा घातल्यासारखं वाटायला लागलं. एका संध्याकाळी जिन्यात उजव्या पायातली चप्पल निसटली आणि काका तसेच दोन मजले चढून दारात उभे. बायको हसून म्हणाली, "एक चप्पल कुणाला दान केलीत?" तेही हसले, पण चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं.

डॉक्टरांनी तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवून बघितला. "डोळे मिटा, लागलं की सांगा." काकांनी डोळे किलकिले ठेवले आणि दोरा टेकताना दिसला की "हं" म्हणत गेले. पायातली जाणीव शाबूत आहे म्हणून डॉक्टर खूश, साखर सांभाळा म्हणाले. घरी येऊन काकांनी बायकोला सांगितलं, एकदम छान आहे. एका दुपारी दोन जणांना फसवलं, वर रात्री झोप लागत नाही म्हणून तक्रार. अशा माणसाला काय म्हणायचं! पण त्यांची बाजूही ऐका. पाय गेला तर पायवाल्या काकांचं उरतं काय? दुसरं काही त्यांना येतच नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी कानावर काम भागवायला सुरुवात केली. इंजिनाचा आवाज किती चढला त्यावरून पाय किती दाबला गेला हे ओळखायचं. जुन्या गाड्यांत ते जमून गेलं. नव्या गाड्यांत मात्र चालवण्याचे ‘मोड’ आले आणि काकांच्या जिवाला घोर लागला. गिअरजवळ एक गोल बटण असतं, ते फिरवायचं. इकोवर ठेवलं तर गाडी जरा आळशी होते, पाय निम्मा दाबावा तेव्हा कुठे हलते. नॉर्मलला दाबाल तेवढी. स्पोर्टला नुसता पाय टेकवला की झेप घेते, स्टीअरिंगही हाताला जड लागतं. गाडी तीच, इंजिन तेच, फक्त पायाचं म्हणणं ती किती मनावर घेते ते बदलतं. झेप घेतली तर पाठीला कळतं. पण किती दाबल्यावर घेतली, हे पायानेच सांगायचं असतं.

एके दिवशी सकाळी शाळेतल्या एक बाई गाडी घेऊन आल्या. तक्रार साधी होती. बटण इकोवर असूनही गाडी मध्येच स्पोर्टसारखी उडी मारते. "आमच्या इमारतीखाली पार्किंगची जागा अरुंद आहे," बाई म्हणाल्या. "आई समोरच्या भिंतीपाशी उभी राहून ‘ये, अजून ये’ करत मला आत घेते. परवा गाडी अशी उसळली की आई हातभर अंतराने वाचली."

"तुम्ही काळजी सोडा," फोरमन म्हणाला. "आमचे काका बघतील."

पेडलचा सेन्सर बदलला. तीनला काका फेरीवर निघाले. इकोवर गाडी शांत चालली. बटण स्पोर्टवर फिरवलं तशी ती गुरगुरली, पुन्हा इकोवर आणलं तशी गप्प झाली. चढावर काकांनी पाय दाबला. किती दाबला ते पायाला विचारून उपयोग नव्हता. कान म्हणाले, थोडासाच. काकांनी कानांवर विश्वास ठेवला आणि कार्डावर लिहिलं, ठीक. साडेतीनला बाई गाडी घेऊन गेल्या.

चहाच्या वेळी वायरिंगचं काम करणारी मुलगी कप घेऊन शेजारी बसली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "त्या बाईंच्या गाडीचं गुरगुरणं ऐकलंत ना काका? खोटं आहे ते. स्पीकरमधून सोडतात. बटण फिरवलं की आवाज बदलतो, मग आत पेडलचं काही का होईना."

काकांनी कप खाली ठेवला. म्हणजे त्यांनी गाडी तपासलीच नव्हती. स्पीकर तपासला होता. आणि आता ती गाडी एका म्हातारीच्या अंगावर जाणार होती, काकांच्या अक्षरातलं ‘ठीक’ घेऊन.

बाई फोन उचलेनात. कार्डावरचा पत्ता वर्कशॉपच्या मागे दोन गल्ल्या सोडून होता. वाटेत दुकानात थांबून घरी जाणार, असं बाई जाताना म्हणाल्या होत्या, म्हणजे अजून वेळ होता. वर्कशॉपची गाडी समोर उभी होती, किल्ली भिंतीवर लटकत होती. काकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. आज त्यांना स्वतःच्या पायाची भीती वाटली. ते पत्र्याचे तुकडे आणि स्क्रू पडलेल्या मागच्या अंगणातून तसेच पळत सुटले. कुणीतरी "खाली बघून, काका" म्हणालं तेही त्यांनी ऐकलं नाही.

पळता पळता डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. भिंत, म्हातारी आणि तिचा पुढे बोलावणारा हात. सांगितलं तर नोकरी गेली, हेही मनात आलं. एका कोपऱ्यावर पाऊल अडखळलंसुद्धा, खोटं कशाला बोला. पण थांबले नाहीत.

पोचले तेव्हा गाडी उतारावर तोंड आत करून उभीच होती. आजी भिंतीला टेकून हात हलवत होत्या. "ये. अजून ये." काका गाडी आणि आजींच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

"मॅडम, बंद करा गाडी."

बाईंनी गाडी बंद केली, खाली उतरल्या. काकांना धाप लागली होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता.

"मी पास केली ही गाडी, पण मला कळत नाही," ते म्हणाले. "माझा पाय मेलाय. वर्ष झालं. मी आवाजावर काम भागवतो, आणि हिचा आवाज खोटा आहे. आत काय आहे मला माहीत नाही. आजींना तिथून हलवा."

बाईंनी आईला हाताला धरून जिन्यात नेऊन बसवलं, गाडी मागे काढली आणि समोरच्या रिकाम्या रस्त्यावर काकांना शेजारी बसवून स्वतः चालवली. इकोवर एकदा, स्पोर्टवर एकदा, पुन्हा इकोवर.

"झाली की दुरुस्त," त्या म्हणाल्या. "इकोला एवढा पाय दाबते तेव्हा कुठे निघते. स्पोर्टला नुसतं टेकवलं तर पळते. परवा दोन्ही सारखंच लागत होतं. केवढा फरक आहे, तुम्हीच बघा ना."

त्यांनी गाडी थांबवून जागा बदलली. काका स्टीअरिंगमागे बसले. बटण इकोवर ठेवून अगदी हळू थोडं पुढे गेले, स्पोर्टवर ठेवून थोडं पुढे गेले. दोन मोडमधला फरक शाळेतल्या बाईंना पहिल्या फटक्यात कळला होता. काकांनी या वेळी कानांना विचारलं नाही, नुसत्या पायाला विचारलं.

"कळला?" बाईंनी विचारलं.

काकांच्या ओठांवर नेहमीचा "हं" आला होता. तो त्यांनी गिळला.

"नाही," ते म्हणाले.

आजी जिन्यातून उठून हळूहळू काचेपाशी आल्या होत्या. काकांनी दार उघडलं, उतरायला उजवा पाय बाहेर टाकला. आजी खाली वाकल्या.

"अहो, बुटातून रक्त येतंय तुमच्या," त्या म्हणाल्या.

काकांनी पाय उचलून बघितला. तळव्याखाली अंगणातला बोटभर स्क्रू डोक्यापर्यंत आत गेला होता. त्याच्यावर ते दोन गल्ल्या पळत आले होते.

"दुखत असेल फार," आजी म्हणाल्या.

पायाला काहीच दुखत नव्हतं. वर्षभर त्यांना नोकरी जाण्याची भीती वाटत होती. ही भीती निराळी होती, पायच जाण्याची. त्यांनी फोन काढून बायकोला लावला.

"दवाखान्यात ये," ते म्हणाले. "डॉक्टरांसमोर तुला एक गोष्ट सांगायची आहे."