मान कुठं, मांडी कुठं

अख्ख्या मसाई वस्तीत कुणी बाळंत झालं की बाळंतिणीला पाजायचं बैलाचं रक्त काढायला पार्मुआत म्हाताऱ्याला बोलावणं यायचं. बैलाच्या मानेला तो वादी आवळायचा, शीर फुगली की जवळून बोथट बाण सोडायचा, भोपळ्याच्या तुंब्यात रक्त धरायचा आणि जखमेवर शेण लिंपायचा. बैल लगेच चरायला मोकळा. त्याच्या हातून एकही जनावर कधी दगावलं नव्हतं.

त्या दिवशी तर त्याची स्वतःची सून, रेसिआन, बाळंतीण होती. त्यानं धडधाकट तांबडा बैल निवडला.

बायको नोंगिपा म्हणाली, "अहो, याच्या पायात काटा मोडला म्हणून मेइतामेईनं सकाळीच सुई दिलीय ना?"

मेइतामेई म्हणजे त्यांचा मुलगा.

"मागच्या मांडीत दिलीय. मी मानेतून काढतोय. मान कुठं, मांडी कुठं! उगाच डोकं खाऊ नकोस."

रक्तात दूध घुसळून नोंगिपानं सुनेला पाजलं. तुंबा खाली ठेवते न ठेवते तोच रेसिआनच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. मेइतामेईनं तिला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून आईनं धरलं, आणि ते दवाखान्याकडे सुटले. पार्मुआत पायीच मागून धावला. पोचला तेव्हा नर्सबाई सुनेला औषध टोचून बाहेर येत होत्या.

"वाचली," त्या म्हणाल्या. "बैलाला पेनिसिलिन दिलं होतं ना? हिला ते सोसत नाही."

"पण ते मांडीत होतं!"

"बाबा, रक्त काय डबकंय, एका जागी साचून राहायला? काळीज त्याला सारखं फिरवत असतं. मांडीतलं औषध घटकाभरात मानेत, कानात, शेपटीत, सगळीकडे."

जन्मभर पार्मुआतनं शिरा फोडल्या होत्या. रक्त उसळून बाहेर येताना पाहिलं होतं. ते कुठून येतं, कुठं निघालेलं असतं, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. त्यानं स्वतःच्या मानेवर बोटं टेकवली. आत काहीतरी धडधडत पुढं चाललं होतं. त्यानं बोटं झटकन काढली.

रेसिआन बरी होऊन घरी बाळाकडं आली. ज्या जनावराला सुई दिली, त्याच्या शिंगाला मेइतामेई खूण म्हणून चिंधी बांधू लागला. धनुष्य मात्र पार्मुआतनं बरेच दिवस हातात घेतलं नाही. पुढं शेजारचे बोलवायला आले की तो आधी नोंगिपाकडं बघायचा.

"माझ्याकडं काय बघताय?" ती म्हणायची. "विचारा त्यांना, सुई दिलीय का ते."

आणि तो मुकाट्यानं विचारायचा.