दोरी सोडा, बाबा

मुलगी सासरहून कायमची परत आली, त्याच वर्षी आमच्या घरी कुत्रा आला. लाखांदूरकडे तिचं सासर. दोन वर्षं राहिली आणि एका सकाळी एकच बॅग घेऊन पवनीला एसटीतून उतरली. काय झालं ते तिने आईला सांगितलं असावं. मी विचारलं नाही.

माझा तांदळाचा छोटा व्यापार. गोदामाच्या राखणीसाठी एका ओळखीच्या माणसाकडून मी जर्मन शेफर्डच्या जातीचं पिल्लू आणलं होतं. सात-आठ महिन्यांत ते दांडगं झालं. फिरायला बाहेर काढलं की उडी मारून दोरी दातांत धरायचं, गुरगुरत झटके द्यायचं. मी ओढायचो, ते दुप्पट जोराने ओढायचं. एकदा मी त्याच्या थोबाडावर चापट मारली. त्याने दोरी सोडली आणि माझा पायजमा धरला.

मुलीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी लस द्यायला ती त्याला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि ही खोड कशी मोडायची ते तिथल्या डॉक्टरला विचारून आली. मग रोज सकाळी वैनगंगेच्या रस्त्याने तीच त्याला फिरवू लागली.

एकदा मी मागोमाग गेलो. कुत्र्याने दोरी तोंडात धरली तशी ती जागच्या जागी थांबली. हात सैल सोडला, बोलली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने दोन-तीन झटके दिले. समोरून कोणी ओढेना, तेव्हा दोरी टाकून तो खाली बसला. लगेच तिने त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला.

मी जवळ गेलो, तर म्हणाली, "ओढलं का त्याले खेळ वाटते, बाबा. मारलं का भेव वाटते. भेवानंच चावते तो."

"मंग का त्याच्यापुढं हात जोडून उभं राहाचं?"

"उभं राहाचं. हात नाही जोडाचे."

महिना-दीड महिन्यात कुत्रा तिच्या बाजूने नीट चालू लागला. मला मात्र तो अजूनही जुमानत नव्हता. हे मला खुपत होतं, पण मी घरात सांगत राहिलो की लाडानं कुत्रा वाया चालला, आता हा राखण काय करणार.

त्या सुमारास तिच्या सासरचे एक वडीलधारे तिला परत नेण्याची बोलणी करायला आले. चहा घेताना त्यांनी ओसरीतून तिला कुत्र्याशी बोलताना पाहिलं आणि मला म्हणाले, "पोरगी कुत्र्यातच रमून राहिली का आता?"

मला लाज वाटली. घरात माझं चालतं हे दाखवायचं म्हणून मी उठलो आणि तिच्या हातातून दोरी घेतली. कुत्र्याने लगेच दोरीत दात रोवले. मी ओढली. तो गुरगुरला. दोरीचं दुसरं टोक दुमडून मी त्याच्या पाठीत दोनदा हाणलं.

ती मध्ये आली. माझ्या मुठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "दोरी सोडा, बाबा."

पाहुणे बघत होते. मी सोडली नाही, उलट हिसका दिला. कुत्र्याचं तोंड वळलं आणि दात तिच्या मनगटाच्या वर घुसले. त्याने क्षणात सोडलं आणि शेपूट घालून खाटेखाली शिरला.

"कुत्रासुद्धा हिचं ऐकत नाही," पाहुणे म्हणाले. मी कुत्रा देऊन टाकतो, एवढंच म्हणालो.

पहिल्या इंजेक्शनला मी तिच्यासोबत गेलो. दुसऱ्याला ती एकटी गेली. तेवढ्या वेळात आंधळगावच्या एका राईस मिलवाल्याला मी कुत्रा देऊन टाकला. परत आल्यावर तिने विचारलं, मी सांगितलं. ती रडली नाही.

"दोरी कुत्र्यानं नव्हती सोडाची," ती म्हणाली. "तुमी सोडाची होती."

जखम भरल्यावर तिने मला मिलवर सोबत चलायला सांगितलं. दिलेली वस्तू परत मागायची, तेही मुलीच्या हट्टापायी. मी गेलो नाही. ती एकटी गेली. मालकाने तिला हसून वाटेला लावलं. पुढच्या महिन्यात भंडाऱ्याला एका दुकानात नोकरी धरून ती तिथेच खोली करून राहिली. सासरची बोलणीही तिने स्वतःच संपवली. आता सणाला येते, आईजवळ बसते. मला जेवलात का एवढं विचारते.

मिलवर मला कामानिमित्त जावं लागतं. कुत्रा साखळीला असतो. दिवसभर ती लोखंडी साखळी चावून त्याचे पुढचे दात झिजले आहेत. त्याची थाळी काठीने पुढे सरकवतात. मालक खूश आहे. "लय खतरनाक निंगाला तुमचा कुत्रा," मागच्या वेळी तो म्हणाला. मी मान हलवली आणि तांदळाचा भाव विचारला.