विमान नसलेली विंग

माझी मुलगी अमेरिकेच्या हवाई दलात आहे, सध्या जर्मनीत. एवढं सांगून मी गप्प बसायला हवं होतं. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, "म्हणजे विमान चालवते?" आणि माझ्या तोंडून "हो तर!" निघून गेलं. महिन्याभरात अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावातल्या प्रत्येक मराठी घरात ती पायलट झाली, दोन घरांत तर फायटर पायलट. मी कशाला नाही म्हणतोय?

मग ती सुट्टीवर घरी आली आणि मंडळाने तिचं भाषणच ठेवलं. शाळेचा हॉल गच्च भरलेला, आणि पहिल्या रांगेत त्याच काकू.

ती छान बोलली. परदेशात हवाई दलाचे छोटे छोटे तळ विखुरलेले असतात, एखाद्या डोंगरात तर मूठभरच माणसं. त्यांची घरं, टपाल, हीटिंग, मुलांच्या शाळा कोणी बघायच्या? मोठ्या तळांना सवड नव्हती, म्हणून तिची विंग, म्हणजे हवाई दलाची तुकडी, उभी राहिली. मध्ये ती बंद केली तेव्हा छोट्या तळांचे हाल झाले, मग पुन्हा सुरू केली.

काकूंनी हात वर केला. "अगं, पण विमान उडवताना भीती नाही का वाटत?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. "काकू, दॅट्स अ क्वेश्चन फॉर बाबा," म्हणत तिने मला स्टेजवर बोलावलं आणि माईक माझ्या हातात दिला.

माझे कान तापले. "तिच्या विंगकडे एकही विमान नाही," मी म्हणालो. "थाप माझी होती." हॉल असा हसला की मलाही हसू आवरेना. मग मी सुटलोच. "अकरा वर्षं या मंडळात मी खुर्च्या मांडतो, वडे गरम ठेवतो, ऐनवेळी हरवलेली वायर शोधतो. स्टेजवर आज पहिल्यांदा चढलोय. आमच्या घरात विमान नसलेल्या अशा दोन विंगा आहेत!" टाळ्याच टाळ्या. मला तर नाचावंसं वाटत होतं.

हॉल रिकामा झाल्यावर आम्ही दोघं खुर्च्या मिटत होतो. तिने हळूच विचारलं, "बाबा, तुला माझ्या कामाची लाज वाटत होती?"

"हो," मी म्हणालो. "माझ्या कामाचीही वाटायची."

माझ्या हातातली खुर्ची काढून घेत ती म्हणाली, "बाबा, तू राँग स्टॅक करतोयस." माझा अख्खा ढीग तिने मोडला, मला पुन्हा रचायला लावला, आणि मी तो शीळ घालत रचला.