अमिनाच्या तंबूपुढे

शहादेव गुरव फार भित्रा माणूस होता. केजजवळच्या आमच्या खेड्यात तो महादेवाची पूजा करी आणि निजामाचा शिपाई दिसला की गाभाऱ्यात जाऊन बसे.

एका उन्हाळ्यात दौऱ्यावर आलेल्या अमिनाने, म्हणजे निजामाच्या पोलीस अंमलदाराने, गावाबाहेर तंबू ठोकला आणि बायकांना वेठीला धरून नदीचं पाणी वाहायला लावलं. ओली बाळंतीण भिवराबाई घागरीसकट पडली. तेव्हा तिची सासू देवळात येऊन शहादेवला म्हणाली, "देवाशी रोज बोलतोस, मग सरकारशी कामून बोलत न्हाईस?"

शहादेव उठून दर्ग्याच्या मुजावराकडे, हसनभाईकडे गेला.

"मला लई भ्या वाटतंय," तो म्हणाला.

"मलाबी," हसनभाई म्हणाले. "म्हनून दोघं मिळून जाऊ."

दोघांनी घरोघर फिरून सांगितलं, उद्या कुणी घागर उचलू नका.

सकाळी सारा गाव तंबूपुढे जमला. अमीन हंटर घेऊन बाहेर आला. हसनभाईंनी शहादेवचा हात घट्ट धरला.

"सरकार," तो कसाबसा म्हणाला, "बायका पानी आननार न्हाईत. मारायचं तर आमाला मारा."

हंटर त्याच्या पाठीवर बसला. तरी गाव जागचं हललं नाही. तंबूपाशी बांधलेली तहानलेली घोडी खिंकाळू लागली, आणि दुपारी अमिनाने तंबू उचलला.

घरी शहादेव पालथा पडला होता. हसनभाई वळांना हळद लावत होते.

"तो पुन्ना आला तर?" शहादेवने विचारलं.

हसनभाईंनी बोटावर आणखी हळद घेतली. "तर पुन्ना जाऊ," ते म्हणाले.