हात वर केला की

पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्त दिसलं. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयातून कणभर तुकडा काढून तपासायचा, कॅन्सर नाही ना एवढं बघायचं. भरती व्हायला नको, इथेच टेबलावर होईल. मी "सोचती हूँ" म्हणून क्वार्टरवर आले आणि पुढचा महिना पडदे धुण्यात घालवला.

कॅन्सरला भीत होतेच, पण त्या टेबलाला जास्त. धाकटीनंतर तांबी बसवताना मी कळवळले, तेव्हाच्या बाई म्हणाल्या होत्या, "दो बच्चे हो गए, इसमें क्या रोना?" मी एरवी चांगली फटकळ. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. अजून संताप होतो.

अखेर नवऱ्याने अर्धी रजा टाकून स्कूटर काढली. दोन गोळ्या घरूनच खाऊन यायला सांगितलं होतं, एक दुखण्याची, एक मन शांत करायची. आमची सोनागिरी वसाहत सोडेपर्यंत रस्ता मऊ झाला होता. झाडं अगदी सावकाश मागे सरत होती. कारखान्याचा दुपारचा भोंगा पाण्याखालून आल्यासारखा वाटला. टेबलावर पडले तर कूलरचा वाळ्याचा वास, छतावर हलणारा उजेड, आणि मी जणू मोठ्या तलावात होडीत आडवी. किती बरं वाटत होतं, आणि किती भीती.

बधिर करायचं इंजेक्शन देऊन बाई थांबल्या. म्हणाल्या, "दर्द हो तो हाथ उठा दीजिए, मैं वहीं रुक जाऊँगी."

त्यांनी हत्यार हातात घेतलं आणि मी हात वर केला. त्यांनी ते ट्रेमध्ये ठेवलं.

"दर्द हुआ?"

"नहीं. देख रही थी, आप रुकती हैं क्या."

त्या चिडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केलं, मी पुन्हा हात वर केला, त्या पुन्हा थांबल्या. मग मात्र मी म्हटलं, "अब कर लीजिए." पाळीच्या पहिल्या दिवसासारखी एक कळ आली. मी हात उचलायच्या बेतात होते, तेवढ्यात झालंसुद्धा.

रिपोर्ट पुढे चांगला आला. त्या दुपारचं मला आठवतं ते वेगळंच. पोटावर गरम पिशवी ठेवून त्यांनी विचारलं, "पहले किसी ने बहुत तकलीफ़ दी थी क्या?"

आणि मी सुरू झाले, तीही मराठीत. तांबी, ते टेबल, ते वाक्य, इतक्या वर्षांचं सगळं. आवाज चढत गेला. बाहेर बाकावरचा नवरा उठून दाराशी आला. बाईंना मराठी येत नव्हतं. त्यांनी मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, माझं बोलून संपेपर्यंत ऐकत राहिल्या.