महालेसरांच्या डोळ्याचा नंबर

आधीच सांगून टाकते, माझं जव्हारच्या बाजारात चष्म्याचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. कुणाला एकाचे दोन दिसायला लागले, तर मी त्याला भगताकडे नाही, नंबर तपासायच्या खुर्चीत पाठवते. दर शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची बांधायला येणाऱ्या माणसाला मी पहिल्याच आठवड्यात परत पाठवलं होतं. आकाशनिरीक्षणाच्या या ग्रुपवर तुम्ही मला ओळखता ते 'सात बाय पन्नासची बायनॉक्युलर घ्यावी की दहा बाय पन्नासची' यावर भांडणारी बाई म्हणून. (हात थरथरत असेल तर सात बाय पन्नासच घ्या. अजूनही तेच सांगते.) तेव्हा पुढचं वाचून 'ताई, तुम्हीसुद्धा?' असं कृपा करून विचारू नका... माझं मीच रोज विचारतेय.

महालेसर मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचे. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांची एक लांब नळीची, भिंगाची दुर्बीण होती — स्वतःच्या पगारातून घेतलेली. जीपमध्ये घालून ती वावर, वांगणी, जामसर, कुठे कुठे न्यायचे आणि पोरांना रांगेत उभं करून आकाश दाखवायचे. गेल्या पावसाळ्यात सर गेले. डिसेंबरात एका मंगळवारी त्यांच्या पत्नी, शालिनीकाकू, दुर्बीण घेऊन दुकानात आल्या. रविवारी त्या नाशिकला मुलाकडे कायमच्या जाणार होत्या आणि शनिवारी दुर्बीण शाळेला द्यायची होती.

"त्याआधी मला एकदा ते शनीचं कडं बघायचंय," म्हणाल्या. "या दुर्बिणीतून मला आजपर्यंत काही म्हणजे काही दिसलेलं नाही."

मला वाटलं, भिंगाला बुरशी धरली असेल. पण भिंग स्वच्छ होतं. फोकसरचं ग्रीस तेवढं वाळून डिंकासारखं झालं होतं. फोकसर म्हणजे डोळा लावायची काच बसवलेली ती आत-बाहेर सरकणारी नळी. बाजूची मूठ फिरवली की ती सरकते. मी ती उघडली, पुसली, नवीन ग्रीस लावलं, स्क्रू आवळले. एकदम लोण्यासारखी फिरायला लागली.

बुधवारी संध्याकाळी दुर्बीण काकूंकडे पोचवायला सखारामची जीप बोलावली. तो वांगणीचा, माझ्या मागच्या वर्गातला. वाटेत मी सहज विचारलं, तुला काय काय दाखवलं होतं रे सरांनी? तो हसायलाच लागला. "काय दिसं? पांढरा गोळा दिसं, पिठाच्या उंड्यासारखा. पण सर इतके हरखलेले असत ना... मग म्हटलं, दिसला सर."

सातवीत मीसुद्धा अगदी हेच म्हटलं होतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. सरांचा चष्मा जाड होता. दुर्बिणीशी आले की ते तो काढून खिशात ठेवायचे, उघड्या डोळ्याला जुळवून घ्यायचे, आणि म्हणायचे, "आता मुठीला हात लावायचा नाही हां कुणी!" म्हणजे सगळं जुळलेलं असायचं ते फक्त त्यांच्या डोळ्याला. बाकी अख्ख्या तालुक्याने धूसर गोळा बघितला आणि सरांचं मन मोडायला नको म्हणून 'दिसला' म्हणून सांगितलं. आणि काकूंनी तर तीस वर्षं! मला हसू आलं आणि रडूही आलं. पण उपाय सोपा होता, मूठ फिरवायची. बस्स.

काकूंच्या अंगणात साडेसातला दुर्बीण लावली. शनी चांगला वर होता. मला नंबर नाही. माझ्या डोळ्याला जुळवलं, नळीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली, बाजूचा स्क्रू घट्ट केला. काकूंना म्हटलं, चष्मा लावूनच बघा, म्हणजे तुमची नजर आणि माझी नजर एकच. त्या वाकल्या. "धूसर आहे गं."

मी बघितलं. खरंच धूसर. नळी माझ्या रेघेपासून चार एक मिलिमीटर आत गेली होती.

म्हटलं, स्क्रू नीट बसला नसेल. पुन्हा जुळवलं. पुन्हा आत. तीनदा झालं. काकूंचा हात लागला म्हणावं, तर त्या दोन्ही हात पाठीशी बांधून वाकत होत्या — मुठीला हात लावायचा नाही ही सवय इतकी अंगात भिनलेली! आणि इथेच मला खटकलं. दुर्बिणीचं तोंड वर आकाशाकडे असलं की ही नळी खाली लोंबते. घसरली तर वजनाने बाहेर घसरेल. वर चढून आत कशी जाईल?

गुरुवारी दुकानात तिला अर्धा किलोचं वजन टांगून चार तास ठेवलं. केसभर हलली नाही. संध्याकाळी अंगणात नेली, काकू वाकल्या... पुन्हा आत. मला आता रागच आला होता. सरळ व्हर्नियर लावून माप घेतलं. पावणेचार मिलिमीटर. दुसऱ्यांदा पावणेचार. तिसऱ्यांदाही पावणेचारच.

या धंद्यात एवढं माप पुरतं. कोणती काच बसवलीय आणि नळी किती आत आहे, यावरून ती कुठल्या नंबरच्या उघड्या डोळ्याला जुळेल ते निघतं. रात्री जेवण झाल्यावर कागदावर हिशेब मांडला. उणे सहा. दुकानात जाऊन सरांचं जुनं कार्ड काढलं. उणे सहा.

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. पण त्यापेक्षा जास्त आला तो हट्ट. बाई रविवारी जाणार, परत कधी येईल कोण जाणे, आणि तिला एक कडं दाखवता येऊ नये? मग मी चष्मेवाली कशाची! नळी तिथंच राहायची असेल तर राहू दे, म्हटलं; मी काकूंच्या डोळ्यापुढे अधिक सहाची काच धरेन, दिसेलच. शुक्रवारी तपासणीच्या काचांची पेटी उचलली आणि गेले.

त्या दिवशीही तेच झालं. मी जुळवलं, बाजूला झाले, नळी आत. मी पेटीतून काच काढली आणि काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी काचेकडे बघितलं आणि मान हलवली.

"नको. हे पुन्हा यांच्या जागेवरून बघणं झालं. आयुष्यभर तेच केलं."

चष्मा काढून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवला. माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. आवाज चढवला नाही.

"अहो, मला कधीच दिसलं नाही. एकदासुद्धा नाही. तुम्ही एवढे खूश असायचात, म्हणून दिसलं म्हणत आले. आता खरं सांगितलं. सरका जरा."

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले, मिनिटभरही लागलं नसेल. येऊन बघते तर त्या वाकलेल्या. चष्मा एका हातात, दुसरा हात पाठीशी. कितीतरी वेळ हलल्याच नाहीत.

"अगं वैशाली," शेवटी म्हणाल्या, "पुस्तकात कडं थाळीएवढं रुंद असतं ना? हे तर मण्यातून सुई घातल्यासारखं आहे."

शनीचं कडं सध्या आपल्याकडे धार करून आहे, रेघेसारखंच दिसतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. प्रत्यक्ष दिसल्याशिवाय कुणी असं बोलणार नाही. आणि यावेळी त्या सांगत होत्या ते कुणाचं मन राखायला नाही.

मग मी डोळा लावला. मला धूसर! स्क्रू मी घट्ट केला होता तसाच घट्ट. नळी आता माझ्या रेघेच्या बाहेर होती. मोजलं, सव्वा मिलिमीटर.

काकूंचं कार्ड बघायला दुकानात जायची गरज नव्हती. गेल्या वर्षी त्यांचा चष्मा मीच केला होता. अधिक दोन. सव्वा मिलिमीटर बाहेर म्हणजे अधिक दोनच होतात, चष्म्याशिवायच्या डोळ्याला.

तुमच्यापैकी कुणीतरी लिहीलच, की स्क्रू ढिला पडून नळी वजनाने बाहेर घसरली. घसरली असेल. मी स्वतः दहा वेळा तसं म्हणून बघितलंय. मग बुधवारपासून ती वर का चढत होती? आणि घसरली ती नेमकी तिथेच का थांबली? सव्वा मिलिमीटर म्हणजे काय असतं, तुम्ही कधी मोजून बघा.

शनिवारी दुर्बीण शाळेत दिली. त्यानंतर नळी हलल्याचं कुणी सांगितलेलं नाही. पोरांना मी एवढंच शिकवून आले, की ज्याचा डोळा त्याने मूठ फिरवायची, आणि दिसलं नाही तर नाही दिसलं म्हणायचं, समोर कुणी का असेना.

रविवारी काकूंना नाशिकच्या गाडीत बसवायला गेले. खिडकीतून त्यांनी माझा हात धरून विचारलं, "यांना ऐकू गेलं असेल ना गं?"

मला काय कळणार? मी चष्मेवाली, मला सांगता येतं ते नंबराचं. तेवढंच सांगितलं.

"काकू, तुमचा नंबर त्यांनी बरोबर काढला."