किती जणांतून?

सोनकांबळे सरांच्या हातावर पेढा ठेवला, तर ते तो लगेच तोंडात टाकत नसत. दोन बोटांत धरून समोरच्याकडे बघत आणि विचारत, "किती जणांतून?" देणारा गोंधळून जाई. पोरगा मेडिकलला लागलाय, बापाचा ऊर भरून आलाय आणि हा म्हातारा पेढा धरून चौकशी करतोय. "अहो सर, गावातून पहिला," असं कोणी सांगितलं की सर म्हणत, "ते झालं. पन बसले होते किती?" उत्तर बहुधा मिळत नसे. मग सर तो पेढा रुमालात बांधून खिशात ठेवत. लातुरात निकालाच्या दिवसांत पेढ्यांना तोटा नसतो, त्यामुळे सरांचा रुमाल तेवढे दिवस कायम तुपकट असे.

मी लग्न होऊन नांदेडहून लातुरात आले आणि एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागले. सर तिथे गणित शिकवत. किल्लारीच्या बाजूच्या एका गावातल्या शाळेतून ते निवृत्त झाले होते. क्लासचा मालक विलास वाघमारे हा त्यांच्याच हाताखालचा विद्यार्थी. त्याने सरांना क्लासच्या माडीवरची खोली दिली होती. दोन वेळचा डबा त्याच्या घरून येई, आणि डब्यात भाजी कोणती आहे हे सर झाकण उघडायच्या आधी वासावरून सांगत. विलासच्या लेकरांचे ते आजोबाच होते. रक्ताचं माणूस त्यांना कोणी उरलं नव्हतं.

तेव्हा शहरात क्लासचं नुसतं पीक आलं होतं. चौकाचौकांत निवड झालेल्या मुलांच्या फोटोंचे फलक. एकच मुलगी तीन क्लासच्या फलकांवर हसत असे, एकीकडे दोन वेण्या, दुसरीकडे मोकळे केस, तिसरीकडे चष्मा. सर फलकासमोर उभे राहिले की मला उशीर झालाच म्हणून समजायचं. "वरचा आकडा समदेच सांगून राहिलेत, बाई," ते म्हणत. "खालचा कुनी सांगंना. पाच लागले म्हनतेत. पाचातले पाच का पाचशेतले पाच? खालच्याबिगर वरच्याला काय अर्थ हाय?" मी एकदा चेष्टेने म्हटलं, "सर, उद्या लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाला विचाराल, किती मुली बघून ही केली?" सर गंभीरपणे म्हणाले, "हाव. ते बी सांगायलाच पायजे."

या प्रश्नाचं मूळ मला एका दुपारी कळलं. वीज गेली होती, मुलं बाहेर पांगली होती, आणि आम्ही दोघं वर्गातच बसलो होतो. भूकंपाच्या रात्री सर शाळेच्या कामासाठी लातुरात मुक्कामाला होते. गाव गणपती बुडवून झोपलं होतं. सकाळी सर पोचले तेव्हा घर नव्हतं, बायको नव्हती, आणि दहावीत शिकणारी मुलगी सुजाताही नव्हती. ती त्यांच्याच वर्गात होती.

"पुढं पत्र्याच्या शेडात शाळा भरली," सर सांगत होते. "पैल्या दिशी मी हजेरी घेतली. समदी नावं घेतली, गेल्याल्यांची बी. नाव घ्यायचो आन् जरा थांबायचो. पोरं बी गप ऱ्हायची. तपासनीचे साहेब म्हनले, नावं कमी करा. मी म्हनलं, साल संपस्तोर पट हाच ऱ्हानार." पुढे त्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला, आणि तेच साहेब पेढे घेऊन आले. सर म्हणाले, "तवा पैल्यांदा माज्या तोंडून निघालं, किती जनातून?" एवढं बोलून ते उठले आणि फळा पुसायला लागले. फळा आधीच कोरा होता.

मग बिलोलीचे एक एसटी कंडक्टर मुलीला घेऊन प्रवेशासाठी आले. विलास त्यांना वर्ग दाखवत होता, सर आणि मी तिथेच होतो. कंडक्टरांनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत विचारलं, "सर, पोरगी लागंल का?" विलास म्हणाला, "तुम्ही काळजीच करू नका." सरांनी समोरच्या एका बाकाकडे बोट केलं. "गेल्या साली पोरं या वर्गात मावत न्हवती. लागल्याली ह्या बाकावर मावतेल. आता तुमी ठरवा." कंडक्टरांनी त्या बाकावर किती मावतील ते बोटांवर मोजलं. मग "घरी इचार करतो" म्हणून मुलीला घेऊन गेले. ते परत आले नाहीत.

"सर, तुम्ही माझ्या पोटावर पाय देऊन राहिलात," विलास म्हणाला.

"खोटं बोललो का?"

"खोटं नाही. पण समदे क्लासवाले झाकतेत. मी एकट्यानंच कशामुळं उघडं पडायचं?"

"गेटावर दोन्ही आकडे लिव्ह, इलास. कुनीतरी एकटं पडल्याबिगर दुसरा उघडत न्हाई."

"मग तुम्हीच पडा एकटे."

विलास रागाने बोलला आणि बोलल्या बोलल्या त्याचा चेहरा पडला, हे मी पाहिलं. पण शब्द गेला होता. सर त्याच संध्याकाळी वळकटी आणि ट्रंक घेऊन बाहेर पडले. विलासला वाटलं, चार दिवसांत येतील. चार दिवसांनी त्यांना आणायला जायचं त्यालाही जड झालं असावं, आणि पुढे ते जडच होत गेलं.

सरांनी महेबूबभाई शिंप्यांच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. दुकानाची एक भिंत रस्त्यावर होती. तिच्यावर सरांनी काळा रंग देऊन घेतला आणि शहरातल्या क्लासची नावं लिहिली. प्रत्येक नावापुढे वर जाहिरातीतला आकडा, मध्ये आडवी रेघ, आणि रेघेखाली जागा मोकळी. महेबूबभाई म्हणाले, "भिंत माझी, हिशोब तुमचा. फकत पान खाऊन कुनी थुकलं तर पुसायचं काम बी तुमचं." विलासच्या क्लासचं नाव सर्वांत वर होतं. सर कुणावर आरोप करत नसत. कपडे शिवायला आलेले पालक भिंत वाचत आणि विचारत, "खालचं रिकामं कशामुळं हाय?" सर म्हणत, "त्याईलाच इचारा."

क्लासवाले हसले. एकाने माणूस पाठवून भिंतीला चुना फासला. सरांनी पुन्हा काळा रंग दिला. विलास स्टेशनकडे जाताना त्या रस्त्याने जायचं सोडून वळसा घालू लागला. मी अधूनमधून संध्याकाळी जायची. सर भिंतीशेजारी खुर्ची टाकून बसलेले असत. समोर खानावळीचा डबा आणि त्यात रोज तीच पातळ आमटी. एकदा मी विचारलं, "सर, करमतं का इथं?"

"न्हाई करमत," ते म्हणाले. "दिवाळीत तर लईच न्हाई. इलासची धाकटी आता चालत असंल न्हवं? तिला बगावं वाटतं. पन बगायला गेलं की भिंतीवरचं त्याचं नाव पुसावं वाटंल, म्हनून जात न्हाई."

रुमालातले पेढे कुठे जातात, तेही मला त्या भिंतीपाशी कळलं. निकालानंतर जी मुलं लागली नाहीत, ती एकेकटी सरांकडे येत. सर त्यांना पेढा देत, आणि तो खाऊन झाला की विचारत, "काय येतं तुला?" मुलं आपले कमी पडलेले गुणच सांगू लागत. आजवर त्यांना फक्त काय येत नाही तेच सांगितलं गेलं होतं. सर गणितं घालत, समजावून सांगायला लावत, आणि मग चिठ्ठी लिहून देत. "हिला हिशोब येतो आणि दुसऱ्याला शिकवता येतो. हे मी स्वतः बघितलं आहे." एका मुलीला त्या चिठ्ठीवर उदगीरच्या आडतीत काम मिळालं. जाताना ती मुलं खडूने आपापल्या क्लासच्या आडव्या रेघेखाली एक उभी रेघ ओढून जात. सरांनी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. भिंतीवरची मोकळी जागा अशी भरत गेली. सगळ्यात जास्त रेघा विलासच्या क्लासच्या आकड्याखाली होत्या, कारण सरांना ओळखणारी मुलं तिथलीच होती.

एका हिवाळ्यात सर झोपेतच गेले. सकाळी दुकान उघडताना महेबूबभाईंनी हाक मारली, ओ आली नाही. विलास धावत आला आणि मुलाने करायचं ते सगळं त्याने केलं. पुढच्या आठवड्यात क्लासच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. प्रवेशासाठी आलेले पालकही तिथेच बसले होते. एक पाहुणे म्हणाले, "सरांनी असंख्य डॉक्टर, इंजिनिअर घडवले." मागून महेबूबभाईंच्या तोंडून सवयीने निघालं, "किती जनातून?" दोघं-चौघं हसले.

विलासने माइक घेतला. मला वाटलं, तो आठवणी सांगेल. त्याने पत्र्याच्या शेडातली हजेरी घ्यायला सुरुवात केली. "कांबळे अशोक." थांबला. "गायकवाड मीरा." थांबला. समोर काय चाललंय हे बऱ्याच जणांना कळत नव्हतं. बरीच नावं झाली. "वाघमारे विलास," तो म्हणाला आणि त्यानेच उत्तर दिलं, "हजर." त्यानंतर शेवटचं नाव. "सोनकांबळे सुजाता." तिथे तो इतका वेळ थांबला की मी मान खाली घातली.

मग त्याने डोळे पुसले आणि पालकांकडे बघून, आमच्याकडे गेल्या साली किती मुलं बसली आणि किती लागली, ते दोन्ही आकडे सांगितले. खालचा आधी सांगितला.